सावज दिसल्याशिवाय

आमच्या लांजा तालुक्यात भात पोटरीला आलं की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. एकादशीचं कीर्तन संपतं, बुक्का लावून होतो, माणसं पाया पडून पांगतात आणि मागे रेंगाळलेला एखादा तरुण शेतकरी जवळ येऊन हळूच म्हणतो, "बुवा, डुक्कर मारलं तर पाप लागतं का?"

विचारणाऱ्याच्या गळ्यात बहुतेक वेळा माळ असते. मांस-मच्छी त्याने कधीच सोडलेली असते, म्हणजे डुक्कर त्याला खायचं नसतं. त्याला त्याचं भात हवं असतं. अशा माणसाला 'अहिंसा परमो धर्मः' एवढं ऐकवून घरी पाठवणं मला जमत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खाचराच्या बांधावर मी उभा राहिलेला असतो.

रात्री कळप शिरलेलं खाचर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. दाणा दुधात असतो तेव्हा डुक्कर येतं. लोंब्या चघळतं, दूध चोखून घेतं आणि चोथा थुंकून टाकतं. ते हिरवे-पांढरे चोथे बांधावर जागोजागी पडलेले असतात. खातं त्याच्या कितीतरी पट भात ते लोळून आडवं करतं. गांडुळांसाठी बांध मुस्कटाने उकरलेला असतो, त्यामुळे खाचरातलं पाणी खालच्या खाचरात गेलेलं असतं. चिखलात मोठ्या खुराशेजारी बोटाच्या पेरावर मावतील असे इवले खूर उमटलेले दिसतात. मादी पिल्लांना घेऊन आली होती, हे त्यावरून कळतं. डुकराला बुजवायला सभोवती बांधलेल्या जुन्या साड्या मात्र जागच्या जागी असतात.

पूर्वी माळ्यावर रात्रभर राखण असायची. डबे वाजायचे, एका शेतातली हाळी दुसऱ्या शेतात पोचायची. आता घरात दोन म्हातारी माणसं आणि मुलगे मुंबईला. वरची खाचरं पड राहिली, त्यांत झुडूप माजलं आणि डुकराला दिवसा बसायला जागा थेट वाडीच्या मागे मिळाली. डुकरं वाढली असं सगळे म्हणतात. माणसं कमी झाली हेही तितकंच खरं आहे आणि धर्माचा विचार करताना ते विसरून चालत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो. मी सांगतो की हिंसा होते. तिला दुसरं नाव देऊ नकोस. पण नांगर धरतोस तेव्हाही ती होते. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध हेच कौशिक ब्राह्मणाला सांगतो. तो स्वतः मांस विकणारा, पूर्वजांचा धंदा चालवणारा. शेतीला लोक चांगलं म्हणतात, पण नांगर चालतो तेव्हा जमिनीत झोपलेले किती जीव मरतात, असं तो विचारतो. आमच्याकडे चिखलणीच्या वेळी पॉवर टिलरच्या पात्यांत बेडूक, गांडुळं आणि मुठे सापडतात, हे मी दरवर्षी बघतो. शाकाहारी माणसाच्या ताटातला भातही त्या चिखलातूनच येतो. धर्मव्याध हे सांगून स्वतःला निर्दोष ठरवत नाही, हा त्याचा मोठेपणा. जगायचं तर हिंसा घडते हे मान्य करून, ती कशी आणि किती कमी करता येईल याकडे तो वळतो.

मग कशी? इथे आपल्या ग्रंथांतल्या शिकारीच्या कथा एकापुढे एक ठेवून बघाव्यात. दशरथाने शरयूच्या काठी अंधारात आवाजावर बाण सोडला. हत्ती पाणी पितोय असं त्याला वाटलं, आणि घडा भरणारा तपस्व्याचा मुलगा मेला. जरा नावाच्या व्याधाला झाडीतून हरीण दिसलं असं वाटलं, आणि बाण श्रीकृष्णाच्या तळपायात शिरला. पांडूने तर समोर पाहून बाण मारला, तरी त्याला शाप भोगावा लागला. मृगरूप घेतलेला किंदम ऋषी मरता मरता त्याला काय म्हणतो, ते नीट वाचलं पाहिजे. राजाने हरणं मारण्याला त्याची हरकत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की आम्ही जोडीने रत होतो, तेवढा वेळ तू थांबायला हवं होतंस.

तिन्ही कथांत पाप नेमकं कुठे घडलं? पहिल्या दोघांनी सावज पाहिलंच नाही. तिसऱ्याने शरीर पाहिलं, त्या जिवाची अवस्था पाहिली नाही. ज्या ग्रंथांनी मृगया हा राजधर्म मानला त्यांनीच न बघता मारण्याला एवढी कठोर शिक्षा दिली. राजाचं कुळ खुंटावं इतकी.

माझ्या लहानपणी, वन्यजीव कायदा आमच्या वाडीपर्यंत पोचण्याआधी, शिमग्याच्या सुमारास गावाची पारध निघे. काहीजण सावजाच्या वाटेवर ठासणीच्या बंदुका घेऊन बसत, बाकीचे हाकारा करत रान काढत. मारणाऱ्याचा वाटा ठरलेला, हाकाऱ्यांचा ठरलेला, देवाचा आणि कुत्र्यांचाही ठरलेला. आमच्या शेजारचे तात्या त्या पारधीतले जुने नेमबाज. पोरांना त्यांची एकच ताकीद असे, "झुडूप हाललं म्हणून चाप ओढायचा नाय. डोळा दिसू दे, मग." मादीमागे पिल्लं असली तर ते बंदूक खाली करत, आणि त्यावरून घरी कुणी बोललं तर उत्तरही देत नसत. तात्या पोथी वाचणारे नव्हते. पण किंदमाचं म्हणणं त्यांना पटलेलं होतं. आजही कोकणात डुक्कर समजून सोबतच्या माणसालाच गोळी लागल्याची बातमी अधूनमधून छापून येते, तेव्हा मला तात्यांची ती ताकीद आठवते.

त्या पारधीचं मी गुणगान करत नाही. तिच्यात मौज होती, दारू होती, वाट्यावरून भांडणं होती आणि मौजेसाठी घेतलेला जीव मला कधीच पटला नाही. १९७२च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही जवळपास संपवली. ते योग्यच झालं. ते झालं नसतं तर आमच्या सह्याद्रीत आज गवा किती उरला असता कोण जाणे.

वनपर्वातच आणखी एक प्रसंग आहे. कीर्तनात मी तो सांगतो तेव्हा जुने माळकरीही चकित होतात. पांडव द्वैतवनात राहत असताना युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं येतात, थरथर कापत, डोळ्यांत पाणी आणून. म्हणतात, तुझ्या शूर भावांनी आम्हांला मारून मारून संपवत आणलंय. आता बियाण्यापुरतीच उरलो आहोत. तू दुसरीकडे राहायला जा, म्हणजे आम्ही पुन्हा वाढू. युधिष्ठिर सकाळी भावांना बोलावतो, हरणांचं खरं आहे म्हणतो आणि सगळे काम्यकवनात निघून जातात. शिकार ते सोडत नाहीत. जयद्रथाने द्रौपदीला पळवलं तेव्हा पाचही भाऊ शिकारीलाच गेलेले होते. पण एका रानातलं बियाणं संपतंय हे कळल्यावर त्यांनी ते रान सोडलं. मारणाऱ्याने समोरचा जीव बघायचाच, शिवाय मागे किती उरलेत तेही बघायचं. आज वनखातं प्राण्यांची गणना करतं, तेव्हा हरणांनी युधिष्ठिराकडे जे मागितलं तेच ते करत असतं, असं मी मानतो.

म्हणूनच डुकराला सरसकट 'उपद्रवी' जाहीर करा, या मागणीला माझा विरोध आहे. कायद्याच्या कलम ६२मध्ये तशी सोय आहे. २०१५-१६मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड ठराविक भागांपुरतं आणि मुदतीपुरतं उपद्रवी ठरवलं होतं. असं जाहीर झालं की मारणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. मादी की नर, पिल्लं होती का, किती मेली, किती उरली, हे विचारणारं कुणी राहत नाही. शेतकऱ्याचा त्रास मी रोज बघतो, तरी असा परवाना मला नको. त्याच कायद्याचं कलम ११ मला धर्माला धरून वाटतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि त्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, म्हणजे उभ्या पिकालासुद्धा, धोकादायक झाला तर अधिकारी कारण नोंदवून लेखी हुकमाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. कारण लिहायचं, सही करायची, कुणी तरी जबाबदारी घ्यायची. जीव घेण्याआधी एवढं थांबणं माणसाला शोभतं. अर्ज करून कंटाळलेली माणसं मला ठाऊक आहेत. भात कापून झाल्यावर आलेल्या परवानगीचा उपयोग नसतो. तेव्हा हुकूम वेळेत मिळाला पाहिजे ही मागणी जोरात करावी, हुकूमच नको ही करू नये.

इथे गांधीजींचा दाखला द्यावासा वाटतो. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य यातनांत तडफडत होतं. गांधीजींनी डॉक्टरकडून त्याला विषाची सुई देवविली आणि देशभर गदारोळ उठला. त्याच सुमारास आश्रमाच्या पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचं काय करावं, हाही प्रश्न त्यांच्यापुढे होता. दोन्ही त्यांनी उघडपणे मांडले आणि त्यांतला फरकही सांगितला. वासराला मारण्यात वासराचं हित होतं, माकडांना मारण्यात आश्रमाचं. दुसऱ्या गोष्टीला अहिंसेचं नाव द्यायला ते तयार झाले नाहीत. आमच्या तरुण शेतकऱ्यालाही मी हेच सांगतो: परवानगी घेऊन डुक्कर मारलंस, तर ते तुझ्या भातासाठी मारलंस असं म्हण. त्याच्या भल्यासाठी किंवा जंगलाच्या समतोलासाठी मारलं, असं म्हणू नकोस.

आता शहरातल्या माझ्या श्रोत्यांना. दादर-ठाण्याला कीर्तनाला गेलो की कुणी तरी म्हणतं, बिचाऱ्या प्राण्यांनी थोडं खाल्लं तर काय बिघडलं, तुकोबांनी नाही का पाखरांना खाऊ दिलं? महिपतींनी सांगितलेली ती कथा मलाही फार प्रिय आहे. तुकोबा दुसऱ्याच्या शेताची राखण करत होते आणि पाखरांना त्यांनी हाकललं नाही. पण कथा तिथे संपत नाही. मालक संतापला, पंच बसले, भरपाईचा बोजा तुकोबांच्या माथी आला. शेवटी विठ्ठलाने कणसं भरली. दयेची किंमत तुकोबांनी स्वतः मान्य केली होती. मुंबईत बसून दया करणाऱ्याने लांज्यातल्या म्हातारीच्या कणगीतून ती किंमत चुकवू नये. डुक्कर जगावं असं ज्यांना वाटतं, आणि मलाही वाटतं, त्यांनी नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी म्हणून आमच्याबरोबर भांडावं. गावी घर असेल तर भात दुधात असताना रजा काढून राखणीला यावं. भाद्रपदात गणपतीला येताच. त्यानंतरच्या दोन-चार रात्री माळ्यावर काढाव्या.

खरी चिंता मला बंदुकीची नाही. बंदुकीमागे निदान एक माणूस असतो, त्याला डोळे असतात. चिंता आहे ती फासकीची, कणकेच्या गोळ्यात घातलेल्या गावठी बॉम्बची आणि आकडा टाकून शेताभोवती सोडलेल्या जिवंत तारेची. फासकी लावणारा घरी जाऊन झोपतो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे बिबटे मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. गावठी बॉम्ब गुराच्या नाहीतर कुत्र्याच्या तोंडात फुटतो, जबडा निघतो आणि मरण यायला दिवस लागतात. तारेला तर काहीच कळत नाही. विदर्भात तिने वाघ मारले आहेत, आणि पहाटे पाणी लावायला निघालेला शेतकरीही मारला आहे. दशरथाने निदान आवाज ऐकून बाण सोडला होता. इथे मारणारा ऐकतही नाही. कुणी मरणार आहे हे ठाऊक असून कोण मरणार याची चौकशीसुद्धा न करणं, यापेक्षा मोठा अधर्म शेतीच्या नावावर होत असेल असं मला वाटत नाही.

झटका यंत्राचं कुंपण वेगळं. त्यात वीज क्षणभर येते आणि जाते, जनावराला हिसका बसतो, जीव जात नाही. ते महाग पडतं हे मला कळतं. वाडीने मिळून घेतलं तर परवडतं, आणि अर्जासाठी मला हाक मारा, मी बरोबर येईन. पण फासकी लावली असेल तर आजच जाऊन काढून आणा, आणि थेट खांबावरची वीज आज रात्री तारेत सोडू नका.