नसलेला खर्ज

छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एका स्पीकरात नांदत नाहीत. १९७० च्या दशकात बीबीसीने आपल्या गाडीत मावेल असा फूटभर उंचीचा 'एलएस ३/५ए' बनवला. त्यात खोल खर्ज नाहीच. पण त्याच्या वरचे सूर किंचित फुगवलेले, की ऐकणाऱ्याला वाटावे, आहे बुवा! आमच्या बँकेत शिल्लक अशी फुगवली तर माणूस निलंबित होतो. मग हा स्पीकर खोटारडा म्हणायचा का?

"अहो, दूध कमी पडलं की मी चहात वेलची वाढवते, ते?" इति सौ.

चहाचे एकवेळ सोडा. पण इथे फसणारा दुकानात सगळे विचारून, पैसे मोजून फसतो आणि घरी डग्ग्यावर मान डोलावतो. तक्रार नोंदवायची कोणी? जोडी आणायची ठरली आहे. चहा मात्र मी आता हुंगून पितो.