ओळीवरची नजर

मोहोळजवळच्या आमच्या शाळेत दुपारची खिचडी शिजली की मुलं हात धुऊन ओळीनं बसतात. तिसरीतल्या एका मुलाला बोलायला वेळ लागतो, पन्नासच्या पुढचे अंक अजून येत नाहीत. पण बसायच्या आधी तो रोज ओळीवरून एक नजर फिरवतो. परवा एक नवी मुलगी दाराशीच उभी राहिली. तिच्याकडं ताट नव्हतं. यानं आपलं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि आत जाऊन स्वतःसाठी दुसरं आणलं. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा मान खाली घालून जेवत होता. त्याचंही काही चुकलं नाही, भूक लागली होती त्याला.

संध्याकाळी वर्णनात्मक नोंदींची वही उघडली. एकाच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं : ‘वाचनात मागे, लक्ष टिकत नाही.’ दुसऱ्याच्या पानावर : ‘हुशार, मनमिळाऊ.’ मला वाईट वाटलं. २०१० मध्ये आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, ते मूल नुसतं गुणांत मोजलं जाऊ नये म्हणून. वहीत जागा आहे, पण ती आपण विशेषणांनी भरतो. दिव्यांग मुलाला काय जमत नाही तेवढं लिहितो. हुशार मुलाला माणसांत वागणंही येतच असणार, असं धरून चालतो.

माणसांत वागणं कसं बघायचं, याची एक रीत आहे. नागपूरला डॉ. ए. जे. मालिन यांनी वाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनी आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली. तिच्यात ८९ बाबी आहेत. मुलापुढं प्रश्नपत्रिका ठेवत नाहीत, आईला विचारतात. हात स्वतः पुसतो का? गुंडी लावतो का? बाकीच्या मुलांत खेळतो का? एकदा करून दाखवलं म्हणून भागत नाही, रोजच्या वागण्यात ते आहे का हे बघतात. ही बघण्याची रीत मला फार आवडते, आणि ती सगळ्याच मुलांना लागू पडते. शेतातही असंच निरखून बघावं लागतं. आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात गावरान मालदांडीतून निवड करत ज्वारीचा ३५-१ वाण काढला. पण शेतात निवडीबाहेरची कणसं सोडून द्यावी लागतात. वर्गात एकही मूल सोडायचं नसतं, म्हणून बघायला जास्तच वेळ द्यावा लागतो.

आता रोज एकाच मुलाकडं नीट बघते आणि एकच वाक्य लिहिते. ‘कसा आहे’ ते नाही, ‘आज काय केलं’ ते. घरी आपल्या लेकरासाठीही हे करता येईल, झोपायच्या आधी दोन मिनिटं पुरतात. काल पहिल्या नंबरच्या पानावर लिहिलं : ‘पट्टी मागितली तेव्हा लगेच दिली. कुणाला काय हवं, ते अजून आपणहून विचारत नाही.’ आणि ताट देणाऱ्या मुलाच्या पानावर, जुन्या ओळीच्या खाली : ‘सगळ्यांना ताट मिळालं का ते बघून मग जेवायला बसतो.’