कौल आणि पैज

गेल्या एकादशीस कीर्तन आटोपल्यावर काही मंडळी देवळाच्या ओट्यावर बसली होती. बोलणे प्रथम कापसावर चालले होते. आदिलाबादेत दोन माणसे एकत्र बसली आणि कापसाचा विषय निघाला नाही, असे सहसा घडत नाही. बोलता बोलता गोष्ट राजकारणावर गेली आणि पुढील राष्ट्रपती कोण, याविषयी तर्क सुरू झाले. कोणी एक नाव घेतले, कोणी दुसरे. तेव्हा अडत दुकानात बसणारे एक तरुण गृहस्थ हसून म्हणाले, “वाद कशाला घालता, काका? सट्टाबाजारात भाव निघाला की आपोआप कळेल. पैसा लावणारा माणूस खोटे बोलत नाही.” यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, “काय रे बाळ, तू महाराजांचा मुलगा. तूच सांग, यात पाप आहे की नाही?”

त्या वेळी आम्हास उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले असून शास्त्राचे ज्ञानही वडिलांच्या मागे बसून जेवढे कानी पडले तेवढेच. तथापि प्रश्न मनातून जाईना. त्याचे एक कारण पुढे सांगणार आहोत. तूर्त, विचार करता जे सुचले ते वाचकांपुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

प्रथम हा भाव म्हणजे काय, ते पाहू. राजस्थानातील फलोदी हे गाव अशा भावांसाठी देशभर ओळखले जाते. तेथील रीत अशी की, ज्याच्या विजयाची खात्री अधिक त्याचा भाव कमी. एखाद्या उमेदवाराचा भाव पंचवीस पैसे असेल, तर त्याच्यावर एक रुपया लावणाऱ्यास तो विजयी झाल्यावर आपला रुपया परत मिळून वर पंचवीस पैसे मिळतात. तो हरला तर रुपया जातो. याचा अर्थ, तो पाचांत चार वेळा जिंकेल असे बाजारास वाटते. ज्याचा भाव चार रुपये, तो पाचांत एकदाच जिंकेल असा त्याचा हिशेब. मधली थोडी रक्कम दलाल आपल्या पदरात पाडतो. अमेरिकेत हाच व्यवहार आता संगणकावर उघडपणे चालतो. तेथे ५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. तीवर पैजा लावून एका फ्रेंच गृहस्थाने कोट्यवधी डॉलर मिळविले. त्या देशात त्याला मताचा अधिकारही नव्हता. ती निवडणूक संपते न संपते तोच २०२८ साली कोण निवडून येईल, याचे भाव सुरू झाले. जे अद्याप उमेदवारही नाहीत, त्यांच्या नावापुढे किंमत लागली.

ही हौस नवी नाही. युरोपात पोपच्या निवडीवर लोक इतक्या पैजा लावीत की, १५९१ साली पोप चौदावे ग्रेगरी यांनी अशी पैज लावणारास धर्मबाह्य ठरविण्याचा हुकूम काढला. आपल्या कापसाचाही या हौशीशी जुना संबंध आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, ही वार्ता तारेने मुंबईस येई व त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली हा प्रकार थांबला. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला व त्यास ‘मटका’ हे नाव पडले. कापूस पेरणारा, वेचणारा किंवा विणणारा, यांपैकी कोणाच्याही हाती त्या पैशातील कवडी गेली नाही. कापूस जागच्या जागी राहिला आणि त्याच्या आकड्यावर संसार बुडाले. मतावरील पैजेचे स्वरूप याहून फारसे निराळे नाही.

आता सट्ट्याच्या बाजूने जे बोलले जाते, तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पहिले म्हणणे असे की, हजारो माणसांस ठाऊक असलेल्या बारीकसारीक गोष्टी एका भावात एकत्र येतात. म्हणून तो भाव पंडितांच्या भाकितापेक्षा पुष्कळदा खरा ठरतो. दुसरे असे की, राष्ट्रपतींच्या निवडणुकीत सामान्य माणसास मतच नाही. तेथे मतदान करतात ते खासदार व आमदार. मग ओट्यावरच्या माणसाने शंभर रुपये लावले म्हणून कोणाचे काय बिघडले? तिसरे म्हणणे आपल्या भागास अधिक लागू पडणारे आहे. मृगात सरकी टोचणारा शेतकरी तरी दुसरे काय करतो? पाऊस येईल की नाही, बोंडअळी पडेल की नाही, भाव मिळेल की नाही, हे काहीही ठाऊक नसता तो कर्ज काढून पेरतोच ना? मग त्याने केली ती शेती आणि दुसऱ्याने केला तो जुगार, हा भेद कोणी ठरविला?

पहिल्या म्हणण्याविषयी इतकेच सांगावेसे वाटते की, भाव कधी खरा ठरतो, कधी साफ फसतो. १ जून २०२४ रोजी लोकसभेचे मतदान संपले, तेव्हा वाहिन्यांचे अंदाज आणि फलोदीचे भाव, दोन्हीही भारतीय जनता पक्षास एकट्याला तीनशेच्या आसपास जागा देत होते. ४ जूनला मोजणी झाली आणि २४० जागा मिळाल्या. त्या एका दिवसात मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक ४,३८९ अंकांनी घसरला. राष्ट्रपतिपदाविषयीचे तर्कही असेच. २००७ साली अनेक नावांची चर्चा चालली असता जून महिन्यात अचानक प्रतिभाताई पाटील यांचे नाव पुढे आले व त्या निवडून आल्या. नीलम संजीव रेड्डी यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९५६ साली आपला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, त्या राज्याचे ते पहिले मुख्यमंत्री. १९६९ साली ते काँग्रेसचे अधिकृत उमेदवार असूनही पडले. आणि १९७७ साली तेच बिनविरोध राष्ट्रपती झाले. १९६९ मध्ये कोणी त्यांच्यावर पैसे लावले असतील तर ते बुडाले असतील, आणि १९७७ मध्ये लावण्यास प्रतिस्पर्धीच उरला नव्हता.

परंतु भाव चुकतो म्हणून सट्टा वाईट, असे म्हणणे आम्हास पटत नाही. चुकणे हा दोष असेल, पाप नव्हे. उद्या तो भाव दर वेळी खरा ठरू लागला, तरी आमचा प्रश्न शिल्लकच राहील.

शास्त्रकारांतही याविषयी एकमत नाही. राजाने द्यूत आपल्या राज्यातून घालवून द्यावे, असे मनूचे सांगणे. याज्ञवल्क्याने ते राजाच्या देखरेखीखाली चालू दिले. कौटिल्याने तर त्यासाठी अध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेण्याची व्यवस्था सांगितली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली एका खटल्यात असा निर्णय दिला की, पैजेचा करार न्यायालयात वसूल होण्याजोगा नसला तरी तेवढ्यावरून तो अनीतीचा ठरत नाही. नंतर कायदा कडक होत गेला. तेलंगणात ऑनलाइन पैसे लावून खेळण्यास २०१७ पासून बंदी आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही असाच कायदा केला. पण कायदा बदलतो तसे पाप-पुण्य बदलत नसते. ज्याचे त्याने आपल्या अंतःकरणात पाहावे, हेच खरे.

आम्ही पाहिले, ते येथे सांगतो. सांगताना संकोच वाटतो, परंतु न सांगता हा लेख लिहिणे लबाडीचे होईल.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या राज्यात विधानसभेचे मतदान झाले. आम्ही ज्यास मत दिले तो उमेदवार आमच्या समजुतीने सचोटीचा होता; मात्र तो निवडून येईल असे आम्हास वाटत नव्हते. म्हणून एका ओळखीच्या माणसामार्फत आम्ही दुसऱ्या उमेदवारावर चाळीस पैशांच्या भावाने एक हजार रुपये लावले. मत आमच्या मनाप्रमाणे आणि पैसे आमच्या बुद्धीप्रमाणे, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. ३ डिसेंबरच्या सकाळी मोजणी सुरू झाली. वडील गाभाऱ्यात होते, आम्ही नैवेद्याची तयारी करीत होतो आणि कान फोनकडे लागले होते. पहिल्या फेऱ्यांत आम्ही मत दिलेला माणूस पुढे गेला आणि आमच्या पोटात धस्स झाले. हात जोडले गेले ते त्याने मागे पडावे म्हणून. वाचकहो, तीन दिवसांपूर्वी ज्याच्या नावापुढचे बटण आम्ही देवाचे स्मरण करून दाबले, त्याच्याच पराभवासाठी आम्ही त्याच देवापुढे प्रार्थना केली.

दुपारपर्यंत आमची पैज जिंकली. हजारावर चारशे रुपये आले. ते चारशे आम्ही सायंकाळी देवापुढे ठेवले. वडिलांनी विचारले, “हे कशाचे?” आम्ही सांगितले. ते रागावले नाहीत. समईची वात पुढे सारीत इतकेच म्हणाले, “हे देवापुढे नको. ज्याचे आहेत त्याला नेऊन दे.” आम्ही नोटा उचलल्या आणि मग ध्यानात आले की, ते कोणाचे आहेत हेच आम्हास ठाऊक नव्हते. ज्या मध्यस्थाने दिले तो हसला. त्याचे ते नव्हतेच. कोणीतरी हरला होता. त्याचे घर कोणते, त्या दिवशी त्याच्या घरी काय झाले, हे कळण्यास मार्ग नव्हता.

शेतकऱ्याच्या धोक्याचा आणि या धोक्याचा भेद आम्हास तेव्हा उमगला. शेतकरी धोका निर्माण करीत नाही. पाऊस आणि अळी ही त्याच्या पेरणीपूर्वीही असतातच. तो आपले श्रम त्या धोक्यात उतरवितो, आणि साधले तर जगास कापूस मिळतो. त्याने पेरले तेच उगवावे अशी त्याची इच्छा असते. कर्म एकीकडे आणि इच्छा दुसरीकडे, अशी त्याची फाटाफूट होत नाही. पैजेत नवे काही उगवत नाही. एकाच्या खिशातील रुपया दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि तो जाता जाता माणसाची इच्छा विकत घेतो.

सभापर्वात द्रौपदीने भर सभेत विचारलेला प्रश्न येथे आठवतो. जो स्वतःलाच हरून बसला, त्यास दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांसारख्यांसही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. आम्ही पणाला लावले ते आमचे हजार रुपये, असे आम्हास वाटत होते. वास्तविक त्यांच्याबरोबर आमची सदिच्छाही पणाला लागली. ती मात्र आमच्या एकट्याची नव्हती. तिच्यावर आमच्या गावाचा हक्क होता. राज्य चांगल्या माणसाच्या हाती जावे, अशी इच्छा प्रत्येकाने मनात बाळगणे, हे समाजाचे देणे आहे. ते आम्ही चाळीस पैशांच्या भावाने विकले.

ज्या निवडणुकीत आपणास मत नाही तेथे काय, या म्हणण्याचे उत्तरही यातच आहे. मत नसले तरी इच्छा असते. राष्ट्रपती सर्वांचे असतात. त्या पदावर योग्य व्यक्ती यावी, असे वाटण्यास मतपत्रिका लागत नाही. १९६९ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी खासदार-आमदारांस आपल्या अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत देण्यास सांगितले. त्यामागील राजकारणाविषयी मतभेद आहेत व राहतील. पहिल्या पसंतीत कोणासही पुरेसे मूल्य मिळाले नाही. आपले चिंतामणराव देशमुखही त्या वेळी उभे होते. ते तिसरे आले. अखेर गिरी यांना ४,२०,०७७ व रेड्डींना ४,०५,४२७ असे मतमूल्य मिळून गिरी विजयी झाले. त्या मतदारांपैकी कोणी एका नावावर पैसे लावून मतपेटीकडे गेला असता, तर त्यास ऐकू आलेला आवाज अंतरात्म्याचा होता की खिशाचा, हे त्याचे त्यालाही सांगता आले असते काय? आणि प्रतिनिधीस जो नियम, तो त्यास निवडून देणाऱ्यास नको, असे कसे म्हणावे?

मराठीत निवडणुकीच्या निकालास ‘जनतेचा कौल’ म्हणतात. देवास कौल लावणारा माणूस उत्तर काहीही येवो, ते शिरोधार्य मानून थांबतो. ते थांबणे कठीण असते. २०२४ साली शेजारच्या चंद्रपूर मतदारसंघात १९ एप्रिलला मतदान झाले, आपल्या येथे १३ मेला, आणि मोजणी ४ जूनला. चंद्रपूरकरांस सेहेचाळीस दिवस धीर धरावा लागला. असा धीर सुटतो, तेथेच सट्ट्यास वाट मिळते. तर्क करण्यास कोणाची हरकत असू नये. ओट्यावर बसून खुशाल नावे घ्यावीत, वाद घालावेत, चुकावे, हसावे. आपले कोणाविषयी काय मत आहे, हे त्यातून आपणासही कळते. केवळ तेथे पैसा ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे. कारण पैसा ठेवल्यावर आपले मत काय, हे आपणास सांगता येत नाही.

त्या वृद्ध गृहस्थांस, यात पाप आहे की नाही, याचे शास्त्रोक्त उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. ते चारशे रुपये मात्र अद्याप जुन्या पंचांगात ठेवलेले आहेत. ते खर्च करवत नाहीत, दान करवत नाहीत, आणि ज्याचे आहेत तो सापडत नाही.