परक्या मातींतील कबर

उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायांत अब्राहामाचा एक जमिनीचा व्यवहार लिहिला आहे. सारा हेब्रोनांत मरण पावली, तेव्हां तिला पुरावयास त्या देशांत त्याची स्वतःची जागा नव्हती. हित्ती लोकांनीं आपल्या कबरस्थानांतील उत्तम जागा देऊं केली. तरी त्यानें वेशींत, सर्वांच्या साक्षीनें, ४०० शेकेल रुपें तोलून मकपेलाचें शेत घेतलें. फुकट मिळत असतां मोल कां द्यावें? कारण कृपेची जागा निराळी व हक्काची जागा निराळी.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या कृष्णाकांठींही आला आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं पलूसजवळ, औंध संस्थानच्या माळावर वसाहत उभारली. तेथें निवडुंग होता, सर्प होते, पण येणाऱ्यांच्या पूर्वजांची माती नव्हती. पुढें १९६४ सालीं कोयनेचें धरण पुरें झालें. सातारा जिल्ह्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं आणि त्यांतील कांहीं कुटुंबें सांगली जिल्ह्यांत वसलीं. घराचे वासे गाडींत घालून आणितां येतात; आईबापांस जेथें निरोप दिला ती जागा आणितां येत नाहीं.

अशा वस्तींत मरणाविषयींचा विचार पालटतो. जुन्या गांवीं खांदा कोणीं द्यावा, माती कोठें द्यावी, हें भाऊकी ठरवी. नव्या ठिकाणीं भाऊकी दूर पडते व शेजारी हाच भाऊ होतो. हा मोठा लाभ होय. परंतु मूळचा गांव असेंही म्हणूं शकतो कीं, तुमचें प्रेत आमच्या जागेंत नको. म्हणूनच महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यानें नव्या गांवठाणाच्या सोयींत शाळा, पाणी व रस्ते ह्यांबरोबर स्मशानभूमीही गणली आहे.

आतां कोणी विचारील, वाडवडिलांची माती सोडणारा मनुष्य कृतघ्न नव्हे काय? याकोबाकडे पाहा. त्यानें राहेलीस एफ्राथच्या वाटेवर पुरलें व तेथें स्तंभ उभारला. स्वतःला मात्र मिसरांतून वडिलांच्या कबरेंत न्यावें अशी योसेफाकडून शपथ घेतली. म्हणून राहेलीवरील त्याची प्रीति उणी होती असें कोण म्हणेल? प्रीति स्थळास बांधलेली नाहीं. तथापि शोक करावयास मनुष्याला स्थळ लागतें.

यास्तव मंडळीच्या वडिलांनीं दफनभूमीची नोंद सातबाऱ्यावर आहे किंवा नाहीं, हें मरण दारीं येण्यापूर्वींच पाहावें. आणि नवीन आलेल्या घरीं मरण झालें, तर जातधर्म न विचारतां कुदळ घेऊन किंवा खांदा द्यावयास जावें. हित्ती लोकांनीं परक्याला जें देऊं केलें, त्याहून कमी देणें ख्रिस्ती माणसास शोभत नाहीं.