फोटोतला डाग

आपल्याकडे एक्स-रे हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. जालन्यात, अंबडला, परतूरला, भोकरदनला लोक ‘छातीचा फोटो’ म्हणतात. त्यात काही वेगळे दिसले की ‘डाग आला’ म्हणतात. घरात दखनी बोलणाऱ्यांचा ‘दाग’ही तोच. हा शब्द दवाखान्यात येण्याआधीपासून समाजात दुसऱ्या अर्थाने नांदत आहे. पदराला डाग, अब्रूला डाग, खानदानाला डाग. त्यामुळे फुप्फुसावरची एक पांढुरकी सावली दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत माणसाच्या नावावर येऊन बसते. आजार अंगाला झालेला असतो, शरमिंदा मात्र सारे घर होते. हे कशामुळे होते, आणि ते न्याय्य आहे काय, हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतीचाही आहे.

प्रथम हा फोटो काय सांगतो ते पाहू. विल्हेल्म रॉन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1895 साली या किरणांचा शोध लावला. हाडे हे किरण अडवतात, म्हणून ती पांढरी दिसतात. फुप्फुसात हवा असते, किरण तिच्यातून सहज पार होतात, म्हणून फुप्फुस काळे दिसते. हवेच्या जागी पू, पाणी, रक्त, गाठ किंवा जुना व्रण असेल, तर तेवढा भाग पांढरा होतो. हा पांढरेपणा न्यूमोनियाचा असू शकतो, क्षयाचा असू शकतो, कर्करोगाचाही असू शकतो. वीस वर्षांपूर्वी होऊन पूर्ण बऱ्या झालेल्या क्षयाची खूणही तशीच राहते आणि ती जन्मभर पुसत नाही. इतकेच काय, गळ्यातला तावीज, सदऱ्याचे बटण किंवा खांद्यावर आलेली जाड वेणीसुद्धा फोटोत सावली टाकते. फोटो काढणारा तावीज उतरवायला सांगतो आणि वेणी वर बांधायला लावतो, त्यात अश्रद्धा नसते.

म्हणजे एक्स-रे हा साक्षीदार आहे, काझी नव्हे. तो ‘इथे काहीतरी आहे’ एवढी गवाही देतो. निकालासाठी आणखी पुरावे लागतात. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवून दिला. आज थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत तो सुमारे दोन तासांत सापडू शकतो, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही, तेही कळते. जुना फोटो जपून ठेवलेला असेल, तर डाग नवा की जुना हे ठरवायला त्याची मोठी मदत होते. एका साक्षीदाराच्या बोलण्यावर कोणाला गुन्हेगार ठरवू नये, हे आपण न्यायाच्या बाबतीत मान्य करतो. शेजाऱ्याच्या छातीच्या बाबतीत मात्र ते विसरतो.

जालना हे पोलादाचे शहर आहे. इथल्या इंडक्शन भट्ट्यांना आतून सिलिकाचे अस्तर लावतात. अशी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर सिलिकोसिस होऊ शकतो. फोटोत तो पुष्कळदा क्षयासारखा दिसतो आणि क्षयाचा धोकाही वाढवतो. आता एखाद्या भट्टीवरच्या मजुराचा फोटो डोळ्यांसमोर आणा. डागाला क्षय म्हटले तर लोक म्हणतील, त्याचे नशीब, त्याची विडी, त्याची गरिबी. सिलिकोसिस म्हटले तर प्रश्न धुळीचा होतो, मालकाचा होतो, नुकसानभरपाईच्या हक्काचा होतो. म्हणून त्याने कुठे, किती वर्षे काम केले, हे डॉक्टरने विचारले पाहिजे आणि मजुराने न विचारताही सांगितले पाहिजे. उलट, जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीने दम लागणाऱ्याचा फोटो स्वच्छ येऊ शकतो. स्वच्छ फोटो दाखवून त्याला खोटारडा ठरवणे हाही अन्यायच.

दुसरा प्रश्न, सांगायचे कोणाला? घरातल्या मुलीच्या फोटोत काही निघाले की पहिली कुजबुज तिच्या रिश्त्याची होते. फोटो वडिलांच्या हातात जातो, भावाशी सल्लामसलत होते, आणि जिची छाती आहे तिला शेवटी कळते. हे मला मान्य होत नाही. शरीराची बातमी ही त्या शरीराच्या मालकिणीची आहे. इतरांकडे ती अमानत म्हणून असते. ती चार घरी पोचवणारा गीबतच करतो, मग त्याने आवाजात कितीही हमदर्दी आणली तरी.

मात्र या हक्काला एक मर्यादा आहे. बातमी एकाची असली तरी खोकला सगळ्यांचा असतो. फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो. त्याच खोलीत झोपणारी लहान मुले, म्हातारी आजी यांना कळण्याचा आणि त्यांची तपासणी होण्याचा हक्क आहे. योग्य औषधे सुरू झाली की सहसा काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच ओसरतो. साधा क्षय बहुतेकदा सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. ज्यांना धोका आहे त्यांना सांगावे. बाकीच्यांना सांगणे बंधनकारक नाही, आणि बऱ्या झालेल्या आजाराचा जबाब तर कोणीच मागू नये.

हा जबाब मागितला जातो, हे आपली आखातात जाणारी मुले जाणतात. तिथल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही अपात्रतेचे कारण ठरत आला आहे. औषध नेमाने घेतले, आजारावर मात केली, त्याचीच खूण आड येते. दुसऱ्या देशाच्या नियमावर आपला इलाज नाही. पण तोच नियम आपण निकाह ठरवताना, खोली भाड्याने देताना, दस्तरखानावर जागा देताना लावतो, त्यावर आपला इलाज आहे.

भरून आलेल्या जखमेच्या खुणेला डाग म्हणू नये. ती शिफा मिळाल्याची खूण आहे. निदान आपल्या घरात तरी हा शब्द बदलून पाहावा. फोटो घरी आला की आधी विचारावे, थुंकी तपासली का? जुना फोटो आहे का? काम काय करतोस? हे तीन प्रश्न विचारणारे घर आजाऱ्याला धीर देते. चौथा प्रश्न, ‘लोक काय म्हणतील’ हा, मनात आला तरी ओठांवर आणू नये.