वाकड्या फांद्यांची हौस

बागेत एक तरी झाड पिळदार, वेड्यावाकड्या फांद्यांचं असावं, असं अनेकांना वाटतं. ही हौस जगभर आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरच्या एका कुंपणात १८६३च्या सुमारास हेझलचं असं पीळ पडलेलं झाड आढळलं आणि कलमं होऊन ते बागोबागी पोहोचलं. पण ते थंड, ओलसर हवेतलं झाड. आपल्या अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याचा बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पारनेर-कर्जतपर्यंत पोहोचता पोहोचता आटतो. तिथे असं झाड जगवायचं, तर ऐन मे महिन्यात घरच्या पाण्यातला वाटा त्याला काढून द्यावा लागेल.

त्यापेक्षा देवळाशेजारचा चाफा निवडावा. तो जाड, मांसल फांद्यांत पाणी साठवतो आणि कोरड्या दिवसांत पानं गाळून बाष्पीभवन टाळतो. तेव्हाच त्याच्या फांद्यांची वळणं उघडी दिसतात. तोडलेल्या फांदीचा चीक वाळू दिला की ती लावता येते. कलमाचा खर्चही वाचतो. कुणी म्हणेल, चाफाही परदेशीच, मूळचा अमेरिका खंडातला! खरं आहे, पण इथे जन्मगावापेक्षा पाण्याची गरज महत्त्वाची. हिवर आणि बोरही वाकडेतिकडे वाढतात, पण त्यांना काटे असतात, हा आक्षेपही रास्त. त्यांना वाटेपासून दूर, कुंपणाशी जागा द्यावी. हौस जरूर करावी, मात्र झाड निवडताना आधी आपल्या गावचा पाऊस विचारात घ्यावा.