कोळसा देणाऱ्याचा वाटा

शंभर वर्षांपूर्वीची युद्धनौका म्हटलं की आपल्याला तोफा दिसतात, झेंडा दिसतो. कोळसा दिसत नाही. पण तेव्हा सगळं त्याच्यावरच अडलेलं असायचं. बंदरापासून लांब गेलेल्या नौकेचा कोळसा संपत आला, की तिला गाठून तो भरून देणारं दुसरं जहाज लागायचं. अमेरिकन नौदलाचं ‘सायक्लॉप्स’ हे असंच एक जहाज. १९१० साली फिलाडेल्फियात बांधलेलं, ५४२ फूट लांब.

तोफ डागणाऱ्याची जबाबदारी आपण सगळेच मान्य करतो. ती तोफ तिथवर नेणारा कोळसा ज्याने दिला, त्याचं काय?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जुना वाटत नाही. आमच्यातले बहुतेक जण कोळसाच पुरवतात. कुणी लॉगिनचा भाग लिहितं, कुणी लोकेशनची सेवा, कुणी चेहरा ओळखणारं मॉडेल. पुढे त्याचं काय करायचं, ते क्लाएंटने बघायचं. ‘आपण फक्त टूल देतो’ हे वाक्य आमच्याकडे चहाइतकं नेहमीचं आहे.

सायक्लॉप्सकडेही अशी पळवाट होती. पहिली साडेसहा वर्षं ते नौदलाच्या साहाय्यक सेवेत होतं, खलाशी नागरी होते. १ मे १९१७ला ते रीतसर नौदलात दाखल झालं. कप्तान तेच, जॉर्ज वर्ली. काम तेच. एका कागदाने आदल्या दिवशीचा कोळसा वेगळा ठरतो का? मला नाही वाटत. कॉन्ट्रॅक्टवर असलेला आणि पगारावर असलेला इंजिनिअर एकच कोड लिहितात, तसंच हे.

दुसरी पळवाट जास्त मोहाची आहे: साधन तटस्थ असतं. एप्रिल १९१४मध्ये अमेरिकेने मेक्सिकोचं व्हेराक्रूझ बंदर ताब्यात घेतलं. शहरात लढाई झाली, सामान्य माणसंही मेली. त्या अशांत काळात, १९१४-१५मध्ये, सायक्लॉप्स मेक्सिकोच्या किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या अमेरिकन नौकांना कोळसा देत होतं. त्याच काळात त्याने टॅम्पिकोहून निर्वासितांना न्यू ऑर्लिन्सला पोचवलं आणि अमेरिकन परराष्ट्र खात्याने त्याबद्दल आभार मानले.

ते आभार योग्यच होते. पण मग हिशेब पुरा करायला हवा. साधन खरंच तटस्थ असेल, तर निर्वासित वाचवल्याचं श्रेयही त्याला नको. श्रेय हवं असेल, तर गस्तीतला वाटाही घ्यावा लागतो. आपलं अॅप पूरग्रस्तांच्या कामी आलं की आपण पोस्ट टाकतो. तेच अॅप कुणावर पाळत ठेवायला वापरलं गेलं की आपण ‘फक्त टूल’ होतो. हे जमणार नाही.

आणि पुरवठा म्हणजे लांबवरचं, सुरक्षित काम, हेही खरं नाही. १९१८च्या सुरुवातीला सायक्लॉप्स दक्षिण अटलांटिकमधल्या ब्रिटिश नौकांसाठी कोळसा घेऊन ब्राझीलला गेलं. परतताना पोलादासाठी लागणारं सुमारे १०,८०० टन मँगनीज खनिज भरलेलं होतं आणि एक इंजिन बिघडलेलं. ४ मार्चला बार्बाडोसहून बाल्टिमोरकडे निघालं, ते पोचलंच नाही. ३०६ माणसं गेली. अवशेष आजवर सापडलेले नाहीत. लोकांना आता त्यातलं फक्त बर्म्युडा ट्रँगलचं गूढ आठवतं.

मग पुरवणाऱ्याचा वाटा नेमका किती? तोफ डागणाऱ्याइतका नक्कीच नाही. पण त्याच काळातल्या कायद्याने एक मोजमाप करून पाहिलं होतं. १९०७च्या हेग करारात तटस्थ देशांसाठी मूळ नियम असा होता: लढणाऱ्या देशाची युद्धनौका तुमच्या बंदरात आली, तर तिला तिच्या देशाचं सर्वांत जवळचं बंदर गाठता येईल इतकंच इंधन द्या. त्यानंतर तीन महिने तुमच्या कुठल्याच बंदरात पुन्हा देऊ नका.

मला हा नियम आवडतो, कारण तो ‘सगळं द्या’ आणि ‘काहीच देऊ नका’ या दोन्हींच्या मधे उभा राहतो. घरी परतायला पुरेल इतकं द्या, लढत राहायला पुरेल इतकं नको. त्यासाठी देणाऱ्याला आधी एक गोष्ट करावी लागते: नौका कुठे निघाली आहे, ते विचारावं लागतं. पुढच्या वेळी कुणी मीटिंगमध्ये ‘ते क्लाएंट बघेल’ म्हणालं, तर निदान एवढं तरी विचारता येईल.